कुळाचा मोठेपणा नको, घराचा इतिहास हवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या एका मुलीला प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. अर्जाला वंशावळ जोडायची होती. वंशावळीतल्या कुणाचा तरी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, जात लिहिलेला कागदही हवा होता. वडील रिक्षा चालवतात. त्यांना आजोबांचे नाव विचारले तर म्हणाले, "आम्ही आज्याच म्हणायचो. नाव काय असेल बरं?" थोरल्या चुलतीला सगळे माहीत होते. पण ती चार महिन्यांपूर्वी वारली होती.

मग गावाकडे तीन चकरा झाल्या. रिक्षाचा धंदा बुडाला. शेवटी गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात चुलत आजोबा सापडले. आडनाव वेगळे, जन्मतारीख 1 जून, जातीच्या रकान्यात 'हिंदू महार'. प्रवेशाची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते. मुलीचा प्रवेश झाला. पण ज्या चुलतीला एका दुपारी चहा पिता पिता विचारून घेता आले असते, तिच्याकडचे बाकीचे सगळे तिच्याबरोबरच गेले.

ही एका घराची गोष्ट नाही. आपल्यातल्या किती जणांना पणजीचे नाव सांगता येईल? पणजोबांचे नाही, पणजीचे. आम्ही हा प्रश्न शिबिरात विचारतो तेव्हा साठ पोरांमध्ये तीन-चार हात वर येतात. बाबासाहेबांच्या जीवनातल्या तारखा तोंडपाठ असलेली ही पोरे आहेत. चवदार तळे 20 मार्च 1927, मनुस्मृती दहन 25 डिसेंबर 1927, काळाराम सत्याग्रह 2 मार्च 1930, येवला 13 ऑक्टोबर 1935. सगळे येते. पण त्या दिवसांत आपले पणजोबा कुठे होते, कुणाच्या बांधावर होते, त्यांच्यापर्यंत ही बातमी कधी आणि कुणाच्या तोंडून पोहोचली, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

का सुचत नाही? आमच्या मते याला दोन कारणे आहेत. दोन्ही आपल्या चळवळीच्या आत बसलेली आहेत, म्हणून स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिले कारण शरम. "मागे काय आहे? ढोरे ओढणे, येसकरी, भाकरी मागणे. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण नवे झालो. त्याआधीचे उकरायचे कशाला?" असे म्हणणारे आपले जुने, प्रामाणिक कार्यकर्ते आहेत. त्यांनी ते जीवन भोगले आहे. त्यांच्या दुःखाचा आम्ही आदर करतो, पण हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. ज्याने मेलेले ढोर ओढायला लावले त्याला शरम वाटत नाही. ज्याने वेठ घेतली त्याचा नातू वाड्याचे फोटो दिमाखात लावतो. मग ओढणाऱ्याच्या नातवाने मान खाली का घालायची? धर्मांतराने आपण गुलामी टाकली. गुलामीत राबलेल्या आपल्या माणसांना टाकले नाही.

दुसरे कारण याच्या उलट, खोटा अभिमान. अलीकडे मोबाईलवर रोज एक नवे पोस्टर येते. अमुक आडनावाचे लोक म्हणजे अमुक राजघराणे, तमुक कुळ म्हणजे तमुक सम्राटाचे वंशज. खाली ना कागद, ना काळ, ना ठिकाण. आपली पोरे ते पुढे पाठवतात आणि त्यांना वाटते की इतिहास कळला. भावांनो, 1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारे पुस्तक लिहिले. आपला सिद्धांत त्यांनी पुरावे लावून, प्रतिपक्षाच्या हरकती मांडून, तपासायला खुला ठेवला. ते पुस्तक त्यांनी कुणा राजाला नाही, नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केले. आणि आपण काय करतो? पोस्टर फॉरवर्ड करतो.

शरम आणि खोटा अभिमान वरून वेगळे दिसतात, पण दोघांच्या हातात एकच माप आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरते, हे ते माप. एक म्हणतो आमचा जन्म हलका, झाका. दुसरा म्हणतो आमचा जन्म भारी, मिरवा. वसल सुत्तात बुद्धाने हे मापच मोडले. जन्मावर जाऊ नका, माणसाचे कर्म बघा, असे सांगितले. तेव्हा बौद्धाने आपल्या घराचा शोध घ्यायचा तो कुळ मोठे आहे हे दाखवायला नाही. आपल्या माणसांनी काय केले, त्यांच्याशी काय केले गेले आणि त्यातून ती कशी बाहेर पडली, हे जाणायला घ्यायचा.

नमुना हवा असेल तर तो बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत ते स्वतःच्या घराबद्दल सांगतात. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले. पूर्वज कंपनी सरकारच्या फौजेत गेले आणि पिढीजात काम सुटले. वडील सुभेदार होऊन निवृत्त झाले. मग येतो 1901 सालचा प्रवास. वडील गोरेगावला खजिनदार होते, मुले साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची असे ठरले. यात कुठे मोठेपणाचा आव आहे का? गाव आहे, नोकरी आहे, साल आहे, स्टेशनचे नाव आहे, भाड्याचा हिशेब आहे. म्हणून ते शंभर पोस्टरांपेक्षा जड आहे. ते कुणाला खोडता येत नाही.

आपल्याही घरात अशी मसूरची स्टेशने आहेत. ती कुणी लिहिली नाहीत एवढेच.

गावोगाव पिढ्यांच्या वह्या घेऊन फिरणारे हेळवी आणि भाट आहेत. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यांकडे यजमानांच्या चौदा-चौदा पिढ्या लिहिलेल्या आहेत. आमच्या वस्तीत अशी वही घेऊन कुणी आल्याचे आमच्या आज्यांना आठवत नाही. गंमत बघा. गावाच्या सीमेचा तंटा लागला की साक्ष महाराची काढायचे. शीव कुठून कुठे जाते हे त्याला पाठ, म्हणून सगळ्या गावाने त्याच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा. त्याच माणसाची स्वतःची आठवण मात्र कुणी लिहायची नाही. आज ती लिहिणे आपल्या हातात आहे, आणि आता तरी सबब नाही.

सुरुवात कुठून करायची? आधी संकेतस्थळे उघडू नका. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. आजी असेल तर आजी, नसेल तर आत्या, चुलती, शेजारची म्हातारी. "आपला इतिहास सांग" म्हणालात तर ती म्हणेल, "मला अडाणीला काय ठावं?" त्यापेक्षा असे विचारा. आजी, तुझं माहेर कुठलं? लग्नात कितव्या वर्षी आलीस? पाणी कुठून आणायचीस, आणि विहिरीवर तुला कोण वाढायचं? 72 च्या दुष्काळात कुठल्या कामावर होतीस, काय खाल्लंस? मुंबईला आपल्यातलं पहिलं कोण गेलं, कुणाच्या ओळखीनं, कुठल्या चाळीत उतरलं? 56 साली दीक्षा कुठं घेतली? घरातल्या देवांचं काय केलं? बघा, ती कशी बोलू लागते. देव नदीत सोडताना सासू कशी रडली आणि आजा कसा हसला, हे तुम्हाला कुठल्याच ग्रंथात मिळणार नाही.

फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. त्याच रात्री वहीत उतरवा. प्रत्येक गोष्टीपुढे चार खुणा हव्यात. कुणी सांगितले, कधी सांगितले, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि कुठल्या गावाची गोष्ट. साल आठवत नसेल तर साल मागू नका. "धाकटा पोटात होता तेव्हा", "गावात प्लेग आला तेव्हा", "बाबासाहेब गेले त्याच्या आदल्या वर्षी" असे जे सांगेल तेच लिहा, हिशेब नंतर लागतो. बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले, ही कथा तुमच्याही घरात असेल. तीही लिहा, पण सांगितलेली कथा म्हणून लिहा, घडलेली घटना म्हणून नाही. जुन्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही घ्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यांतल्या बायकांकडून लाखभर ओव्या जमवल्या आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या भरपूर निघाल्या. आपली आजी त्या परंपरेतली आहे, तिला अडाणी म्हणू नका.

दुसरी पायरी पत्र्याची पेटी. प्रत्येक घरात एक असते. जुने रेशनकार्ड, मिलचा पास, पगाराची चिठ्ठी, रेल्वेचे किंवा गोदीचे सेवापुस्तक, फौजेचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, धम्मदीक्षेचा दाखला, लग्नपत्रिका. गिरणी कामगारांच्या घरांची वेळ आली तेव्हा 1 जानेवारी 1982 रोजी कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला. ज्या घरांनी जुना पास जपला होता ती अर्ज करून मोकळी झाली. ज्यांनी दिवाळीच्या साफसफाईत तो फेकला ती अजून फेऱ्या मारताहेत. म्हणून कागद फेकू नका. लॅमिनेशनही करू नका, शाई आणि कागद दोन्ही खराब होतात. फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलने नावे लिहा.

तिसरी पायरी सरकारी दप्तर. गावाच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर बघा. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 1914 क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव 7 नोव्हेंबर 1900 या तारखेने आहे. त्याच दिवसावरून आज विद्यार्थी दिवस साजरा होतो. एका ओळीची ही ताकद आहे. तुमच्या आजोबांचीही अशी एक ओळ कुठल्या तरी शाळेत आहे. तारीख 1 जून असेल तर चकित होऊ नका, ती गुरुजींनी टाकलेली आहे.

मग तहसील कार्यालय. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार. जुने सातबारे आणि फेरफार अनेक तालुक्यांचे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत. नसतील तर नकलेसाठी अर्ज करा. "रेकॉर्ड जीर्ण आहे, मिळणार नाही" असे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी मागा, आणि 2005 चा माहिती अधिकार कायदा त्यासाठीच आहे. जुन्या नोंदी मोडीत असतील. मराठवाड्यात निजामाच्या काळच्या उर्दूत असतील, आणि तिथे खासरा पत्रक, पाहणी पत्रक असे शब्द भेटतील. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. आपल्या प्रत्येक तालुक्यातून दोन पोरांनी मोडी शिकली तर पुरे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. 2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना रेकॉर्ड रूममधले गठ्ठे खाली आले. मोडी वाचक शोधले गेले, अनेक जिल्ह्यांनी सापडलेले कागद संकेतस्थळांवर टाकले. कुणाच्या मागणीबद्दल आम्ही इथे बोलत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की सरकारने मनात आणले तर जुने दप्तर उघडते, हे आता सिद्ध झाले आहे. कोतवाल बुक एका जातीचे नसते, सगळ्या गावाचे असते. मग आपल्या पोरीला 'जीर्ण आहे' हे उत्तर का? ज्या वर्गाला कागदासाठी सर्वांत जास्त पिळले जाते त्याच्यासाठी हे दप्तर पूर्ण खुले झाले पाहिजे, ही आपल्या संघटनांची मागणी असायला हवी. आपण जात सोडली, आणि राज्य आपल्याकडे जातीचाच पुरावा मागते. तो द्यावा लागतो, कारण 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या तरी त्या मागच्या नोंदीवरच उभ्या आहेत. निदान तो शोधण्याची सोय तरी राज्याने करावी.

आणि जमीन. 'महारकी', 'हाडकी', 'हाडोळा' हे शब्द गावात अजून ऐकू येतात. ही आपली वतनाची जमीन. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, कारण वतनाच्या तुकड्यावर अख्खी जात सरकारची आणि गावाची वेठबिगार झाली होती. पुढे 1958 च्या मुंबई कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने वतन गेले. भोगवट्याची किंमत भरून जमीन वतनदाराच्या नावे पुन्हा करून द्यायची, आणि परवानगीवाचून ती विकता यायची नाही, अशी तरतूद झाली. मग आज त्या जमिनीवर कुणाचा बंगला, कुणाचे मंगल कार्यालय उभे आहे? फेरफार वाचत मागे मागे जा. कुठल्या साली, कुणाच्या अंगठ्याने, किती रुपयांत जमीन गेली ते दिसेल. जुन्या उताऱ्यावर 'महार वतन' किंवा 'इनाम वर्ग 6 ब' असे दिसले तर तिथे थांबा, नक्कल घ्या आणि जाणत्या वकिलाला दाखवा. घराचा इतिहास हा छंद नाही असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

कागद वाचताना एक सावधगिरी हवी. हा कागद आपल्यासाठी लिहिलेला नाही. लिहिणारा कुलकर्णी, तलाठी, गुरुजी. त्याने आपल्या माणसाला जे म्हटले ते लिहिले. आजोबा एका कागदावर कांबळे, दुसऱ्यावर गावाच्या नावाचे 'कर', तिसऱ्यावर नुसते 'महार'. नावे धोंड्या, कचऱ्या, भिक्या. हे बघून राग येईल, यायलाच पाहिजे. पण नाव सुधारून लिहू नका. कागदावर आहे तसे उतरवा आणि शेजारी घरात काय म्हणत ते लिहा. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लावलेली 22 नावे आहेत, ती कुणी सुधारली नाहीत म्हणून आज ओळखू येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. सरकारी वंशावळीत बापाकडून मुलाकडे रेघ जाते, बायका कुठेच नसतात. ही रीत आपण आपल्या वहीत आणायची नाही. आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, तिचे गाव, तिची मजुरी, सगळे लिहा. जी आत्या मुरळी म्हणून सोडली गेली, जी चुलती नवऱ्याने टाकली, जिचे नाव घरात कुजबुजत घेतात, तीही आपल्याच घरातली आहे. 1989 साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आले. चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांना बोलते करून ते लिहिले गेले. त्यांनी तसे केले नसते तर आंबेडकरी चळवळ म्हणजे फक्त पुरुषांची, असेच आपण आज म्हणत बसलो असतो. पण हेही सांगतो की ज्या गोष्टीने सांगणारीच्या जिवाला त्रास होईल ती तिच्या परवानगीवाचून कुठेही टाकू नका. ती म्हणाली "हे लिहू नको", तर पेन खाली ठेवा. तिच्यावर एकदा जबरदस्ती झालेली आहे. दुसऱ्यांदा ती नातवाच्या हातून व्हायला नको.

आपल्या मंडळांनाही आमचा एक प्रश्न आहे. 14 एप्रिलच्या डीजेला वर्गणी निघते. विहाराला संगमरवर बसतो. पण विहाराची पहिली वीट कुणी ठेवली, पहिली पावती कुणाच्या नावाने फाटली, कुणी मजुरीतले चार आणे दिले, याची एक वही आपल्या विहारात आहे का? ती माणसे ऐंशीच्या पुढे आहेत. दर वर्षी चार-पाच जण जातात. आपण शोकसभेत म्हणतो, चळवळीचा चालता-बोलता इतिहास गेला. चालत-बोलत होता तेव्हा आपण ऐकायला का गेलो नाही?

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. येत्या वर्षावासात वाचन झाल्यावर आठवड्यातून एकदा एका वडीलधाऱ्या माणसाला बोलू द्या. अर्धा तास. एका पोराने रेकॉर्ड करावे, एका पोरीने लिहावे, वही विहारात राहावी. तीन महिन्यांत बारा माणसे होतील. जिल्ह्यातल्या पन्नास विहारांनी हे केले तर सहाशे. सहाशे माणसांनी सांगितलेली पाणवठ्याची, गिरणीची, जमिनीची आणि दीक्षेची गोष्ट तारखेसह, गावासह आपल्या हातात असेल. मग कुणी म्हणू दे की तुमच्याकडे काय पुरावा आहे.

वर्षावासाची वाटही बघू नका. ती रिक्षावाल्याची चुलती चार महिन्यांच्या फरकाने गेली. आज घरी फोन लावा. आजी फोनवर आली की तिला तिचे पूर्ण नाव विचारा, माहेरच्या नावासकट. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!